मुदत कोणाला बांधते?



मार्च २०२४ मध्ये आपल्या बहुतेक पेढ्यांवर एकच आकडा चर्चेत होता : ४५ दिवस. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असल्यास अधिकाधिक ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करावेत. तसे न केल्यास तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होणार नाही, प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्याच वर्षी होईल, असा आयकर कायद्यातील ‘४३ बी (एच)’ हा नवा नियम होता. वर्षअखेर येताच जुनी बिले शोधली गेली, धनादेश निघाले, काही ठिकाणी मालही परत गेला. व्यापाऱ्याला मुदत कशी बांधते, हे त्या महिन्यात सर्वांनी अनुभवले.

गंमत अशी, की ही ४५ दिवसांची मुदत त्या वर्षी जन्मलेली नव्हती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमात ती २००६ पासूनच आहे. उशिरा पैसे देणाऱ्यावर बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज आकारण्याची तरतूदही त्यात आहे. तरीही सतरा वर्षे तिची फारशी कोणी दखल घेतली नाही, कारण व्याज मागायचे कोणी? ज्याच्याशी उद्या पुन्हा व्यवहार करायचा आहे, त्या गिऱ्हाइकावर दावा लावण्यास पुरवठादार धजावत नसे. मुदत मोडल्याचा परिणाम पुरवठादाराच्या धाडसावर अवलंबून होता, तोवर ती कागदावर राहिली. तो परिणाम खरेदीदाराच्या स्वतःच्या करविवरणात आपोआप उतरू लागला, तेव्हा ती जिवंत झाली. याच २००६ च्या कायद्यात आणखी एक मुदत आहे : सुविधा परिषदेकडे गेलेला वाद ९० दिवसांत निकाली काढावा. ती ओलांडली गेल्यास परिषदेचे काय होते? काहीही होत नाही. म्हणूनच त्या ९० दिवसांची चर्चा पेढीवर कधी ऐकू येत नाही.

एका कायद्यातील या दोन मुदतींचे भिन्न दैव मनात ठेवून आज एका निराळ्या कायद्याकडे पाहावयाचे आहे. विषय घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पालनपोषणाचा आहे. बाब नाजूक आहे, हे जाणून लिहितो. ठाणांग सूत्रात आईवडील, पोसणारा धनी आणि धर्माचार्य या तिघांचे ऋण फेडणे दुष्कर म्हटले आहे. श्वेतांबर परंपरा सांगते, की वर्धमानांनी मातापिता हयात असेतो दीक्षा न घेण्याचा संकल्प केला होता आणि त्यांच्यानंतर ज्येष्ठ बंधू नंदिवर्धनांच्या आग्रहावरून आणखी दोन वर्षे ते गृहस्थाश्रमात राहिले. ज्या समाजात ही कथा पर्युषणात दरवर्षी श्रद्धेने ऐकली जाते, त्या समाजातील वृद्धांना प्रांत अधिकाऱ्यांच्या कार्यालयाची पायरी चढावी लागू नये, ही इच्छा सर्वांचीच. परंतु बँकेच्या खिडकीआड अनेक वर्षे बसल्यावर एवढे कळते, की पेन्शनचे पैसे कोण काढून नेतो आणि पासबुक कोणाच्या खिशात असते, हे श्रद्धेवरून ठरत नाही.

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम’ संसदेने २००७ मध्ये संमत केला. महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१० मध्ये आले. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून मासिक निर्वाहखर्च मागता येतो. निःसंतान ज्येष्ठ नागरिकाला, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे वा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, अशा नातलगाकडून तो मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा आणि अपील जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील अपील न्यायाधिकरणाकडे. उद्देश स्पष्ट होता : वृद्धाला दिवाणी न्यायालयाच्या दीर्घ वाटेने जावे लागू नये, निकाल लवकर मिळावा. म्हणून कायद्यात जागोजागी दिवस घातले गेले.

आता हे दिवस व्यापाऱ्याच्या नजरेने वाचावेत. आपल्याकडे हुंडीचे दोन प्रकार प्रचलित होते. दर्शनी हुंडी दाखवताच पटवावयाची. मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. मुदती हुंडी हाती आली की जाणता सराफ तीन गोष्टी पाही : दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, पैसे देण्यास बांधलेला कोण आणि हुंडी न पटल्यास जबाबदारी कोणावर येते. कायद्यातील मुदतीलाही हेच तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न. कलम ५ (४) म्हणते, की अर्जाचा निकाल ९० दिवसांत लागावा. अपवादात्मक परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून, एकदाच ३० दिवस वाढवता येतील. वाचून समाधान वाटते. परंतु हे ९० दिवस अर्जाच्या तारखेपासून सुरू होत नाहीत. मुलांवर नोटीस बजावली गेल्याच्या तारखेपासून सुरू होतात. मुलगा दुसऱ्या शहरात असेल, पत्ता बदललेला असेल किंवा नोटीस घेऊन आलेल्या माणसाला ‘शेठजी बाहेरगावी गेले आहेत’ असे उत्तर मिळाले असेल, तर घड्याळ चालूच होत नाही. ज्याने उशीर केला तर त्याचाच लाभ आहे, त्याच्या हाती घड्याळाची किल्ली देणारी ही रचना आहे.

दुसरा प्रश्न. कलम १६ नुसार अपील ६० दिवसांत करावयाचे. नागरिकासाठी भाषा ठाम आहे. उशीर झाल्यास पुरेसे कारण दाखवून माफी मागावी लागते. त्याच कलमात अपील न्यायाधिकरणाने मात्र एक महिन्यात निर्णय देण्याचा ‘प्रयत्न करावा’ असे म्हटले आहे. न वटलेल्या धनादेशाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. कलम १३८ मध्ये बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, देणेकऱ्याला १५ दिवस आणि नंतर एका महिन्यात फिर्याद, असा दिवस न दिवस मोजला जातो. खटला मात्र सहा महिन्यांत संपवण्याचा ‘प्रयत्न’ करावयाचा असतो. सरकार नागरिकाला मुदत घालताना क्रियापद ‘करील’ असे वापरते आणि स्वतःला घालताना ‘प्रयत्न करील’ असे. कोणत्याही अधिनियमाचा मसुदा हाती आला, तर प्रथम क्रियापदे तपासावीत, असे माझे मत आहे.

याच कायद्यातील सर्वांत कठोर मुदत वृद्धालाच लागू आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. निर्वाहखर्चाचा आदेश मिळाला आणि मुलाने रक्कम दिली नाही, तर न्यायाधिकरण वसुलीचे अधिपत्र काढू शकते आणि त्यानंतरही रक्कम न आल्यास एक महिन्यापर्यंत कारावासाची शिक्षा देऊ शकते. परंतु रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीसाठी अर्ज केला नसेल, तर त्या रकमेसाठी अधिपत्र निघत नाही. आई सहा महिने वाट पाहते, ‘देईल, धंद्यात अडचण असेल’ म्हणते. तेवढ्यात पहिल्या तीन महिन्यांची वसुली या मार्गाने तिच्या हातून गेलेली असते. वात्सल्याला कायद्याने तीन महिन्यांचीच मुदत दिली आहे.

तिसरा प्रश्न परिणामाचा. १२० दिवस उलटले आणि निकाल नाही, तर काय? कायदा गप्प आहे. अर्ज मंजूर मानला जात नाही, ठराविक रक्कम आपोआप सुरू होत नाही आणि विलंबाचा खुलासा वरिष्ठांकडे जात नाही. उलट, निर्वाहखर्च आदेशाच्या तारखेपासून देय ठरतो. अर्जाच्या तारखेपासून तो हवा असेल, तर न्यायाधिकरणाने तसा स्पष्ट आदेश द्यावा लागतो. म्हणजे निकाल जितका लांबेल, तितकी न देणाऱ्याची रक्कम वाचते. व्यापारी भाषेत सांगायचे, तर ही उधारी आहे आणि ती आईच्या खात्यावर पडते. निर्वाहखर्चाच्या रकमेवर ५ ते १८ टक्के साधे व्याज देण्यास न्यायाधिकरण सांगू शकते आणि ते कोणत्या तारखेपासून हे न्यायाधिकरणच ठरवते; मात्र ती तारीख अर्जाच्या तारखेपूर्वीची असू शकत नाही. 

प्रांत अधिकाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. महसूल, भूसंपादन, निवडणुका, टंचाई, पूर, जातीचे दाखले हे सर्व त्याच टेबलावर येते आणि न्यायाधिकरण हे त्या टेबलाचे आणखी एक काम असते. मनुष्यबळ न देता घातलेली मुदत पाळण्याचे चतुर मार्ग निघतात, हेही मी पाहिले आहे. मी ज्या बँकेत होतो, तेथे लहान कर्जाचे अर्ज ठराविक दिवसांत निकाली काढण्याचा दंडक आला. त्यानंतरच्या तिमाहीत प्रलंबित अर्जांचा आकडा सुंदर दिसू लागला. तपासणीत आढळले, की शेवटच्या दोन दिवसांत ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शिक्का मारून अर्ज परत पाठवण्याचे प्रमाण वाढले होते. अर्जदार पुन्हा आला, की नवा अर्ज, नवी तारीख. मुदत पाळली गेली होती आणि कर्ज मिळाले नव्हते. म्हणून नुसता दिवसांचा आकडा घालून भागत नाही; अर्ज अपूर्ण असल्यास काय उणे आहे, हे पहिल्या काही दिवसांतच, एकाच वेळी आणि लेखी कळवावे, त्यानंतर नवी त्रुटी काढता येऊ नये, हेही कायद्यातच लिहावे लागते.

या संदर्भात आयर्लंडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील ‘नर्सिंग होम्स सपोर्ट स्कीम’चा कायदा २००९ चा; लोक त्या योजनेस ‘फेअर डील’ म्हणतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. तेथे त्याचा अर्थ, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या वृद्धांचे कायमचे शुश्रूषागृह. अशा गृहाचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा असतो. म्हणून वृद्धाने आपल्या उत्पन्नाच्या ८० टक्के आणि मालमत्तेच्या मूल्याच्या दरसाल साडेसात टक्के इतका वाटा द्यायचा आणि उरलेला भार शासनाने उचलायचा, अशी वाटणी केलेली आहे. मालमत्तेतील पहिले ३६,००० युरो, दांपत्य असल्यास ७२,००० युरो, हिशेबात धरत नाहीत. राहते घर फक्त पहिली तीन वर्षे मोजले जाते. घरावरचा वाटा त्या वेळी रोखीने द्यावा लागू नये म्हणून शासनाकडून कर्ज घेता येते. त्याची फेड मृत्यूनंतर बारा महिन्यांत वारसांनी करावयाची. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत कोणाला मालमत्ता बक्षीस दिली असेल, तर तीही हिशेबात धरली जाते. आपल्याकडील चतुर सल्लागारांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग २०२१ चा आहे. राहत्या घराला तीन वर्षांची मर्यादा सर्वांसाठी होती, पण शेती वा कौटुंबिक व्यवसायाला ती केवळ अपवादात्मक स्थितीत मिळे. वडील दहा वर्षे शुश्रूषागृहात राहिले, तर दुकानाच्या मूल्याचा वाटा दहा वर्षे कापला जाण्याची भीती होती आणि पुढच्या पिढीस चालवण्यासाठी दुकान उरेल की नाही, हा प्रश्न होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, ऑक्टोबरपासून, शेती व व्यवसायालाही तीन वर्षांची मर्यादा लागू झाली. अट अशी, की कुटुंबातील वारसाने आधीच्या पाचपैकी किमान तीन वर्षे त्यात प्रत्यक्ष काम केलेले असावे आणि पुढील सहा वर्षे तो व्यवसाय चालवण्याची हमी द्यावी. गल्ल्यावर खरोखर बसणाऱ्यासाठी ही सवलत आहे. नुसते नाव पाटीवर असून चालत नाही.

आता मुदतींकडे येऊ. तेथे निर्णयाविरुद्ध अपील करण्यास नागरिकाला कामकाजाचे ४० दिवस मिळतात. ‘कामकाजाचे’ हा शब्द चांगला आहे. सणासुदीचे दिवस वृद्धाच्या खात्यातून वजा होत नाहीत. परंतु दुसरीकडे एक मोठी फट आहे. योजनेसाठी दरवर्षी ठराविक रक्कम असते आणि मदत त्या रकमेच्या मर्यादेतच मिळते. अर्ज पात्र ठरला, सर्व कागद पूर्ण झाले, तरी पैसे मोकळे होईपर्यंत प्रतीक्षायादीत थांबावे लागते. ही प्रतीक्षा इतकी वाढली, की एप्रिल २०१५ मध्ये तेथील सरकारला ती अकरा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणण्यासाठी योजनेस ४ कोटी ४० लाख युरो जादा द्यावे लागले. तोवर बरे झालेले वृद्ध घरी जाता येत नाही आणि शुश्रूषागृहातही जाता येत नाही म्हणून रुग्णालयाच्या खाटांवर अडकलेले होते.

यावरून कोणी म्हणेल, की पैसा नसेल तर मुदत घालण्यात अर्थ नाही. मला ते पटत नाही. निर्णयाची मुदत आणि पैशाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आपण पात्र आहात, अमुक रक्कम मंजूर आहे’ हे ठरवण्यास तिजोरी लागत नाही, काम लागते. म्हणून ती मुदत कायद्यातच, ठाम क्रियापदाने असावी. पैशाची मुदत अंदाजपत्रकावर अवलंबून राहील, हे मान्य. परंतु किती लोक किती आठवडे थांबले आहेत, हा आकडा दरमहा जाहीर झाला पाहिजे. २०१५ मध्ये जादा निधी निघाला, तो प्रतीक्षेचे आठवडे लोकांसमोर होते म्हणून. आपल्याकडे न्यायाधिकरणांपुढे किती अर्ज ९० दिवसांपेक्षा अधिक पडून आहेत, याची तालुकावार यादी दरमहा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावी. नवा कायदा न करताही एवढे करता येईल.

कायदा सुधारण्याचा एक प्रयत्न झाला होता. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ८० वर्षांवरील अर्जदारांचा निकाल ६० दिवसांत लावण्याची तरतूद होती. महिना १०,००० रुपयांची सध्याची कमाल मर्यादा काढण्याचे, तसेच वृद्धांच्या शुश्रूषागृहांची नोंदणी सक्तीची करण्याचेही त्यात होते. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले. मूळ कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा असे कलम १९ आहे. पण त्यातही क्रियापद ‘स्थापन करू शकेल’ असे आहे आणि तारीख नाहीच.

तोवर आहे त्या कायद्यात काय करता येईल, ते सांगून थांबतो. अर्जातच दोन विनंत्या स्पष्ट लिहाव्यात : निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून मिळावा आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम द्यावी. दोन्ही गोष्टींची तरतूद कायद्यात आहे, पण मागितल्याशिवाय मिळतील याचा भरवसा नाही. मुलाचा घरचा पत्ता आणि पेढीचा पत्ता, दोन्ही द्यावेत, म्हणजे नोटीस बजावण्यात वेळ जाणार नाही. पोच घेताना तारखेचा शिक्का पाहून घ्यावा. रक्कम चुकताच दुसऱ्या महिन्यात वसुलीचा अर्ज द्यावा, तिसऱ्याची वाट पाहू नये. ज्यांना स्वतः जाणे शक्य नाही, त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. आपल्या संघांनी आणि महिला मंडळांनी या तरतुदीचा विचार अवश्य करावा. वैयावच्च हे तपच आहे आणि त्यात कागदपत्रे लिहून देणेही मोडते.

शेवटची सूचना मालमत्ता मुलांच्या नावे करणाऱ्यांसाठी. कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. ही अट बक्षीसपत्रात लिहिलेली वा पुराव्याने सिद्ध होणारी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने या कलमाचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा, असेही म्हटले. दोन्ही निकालांतून व्यवहारी माणसाने घ्यावयाचा अर्थ एकच : बक्षीसपत्रात सांभाळाची अट एका स्वतंत्र परिच्छेदात, साध्या मराठीत लिहून घ्यावी आणि दुय्यम निबंधकांपुढे सही करण्यापूर्वी ती मुलासमक्ष मोठ्याने वाचून घ्यावी. ज्यांचे बक्षीसपत्र आधीच झाले आहे, त्यांनी त्याची नक्कल काढून त्यात अशी अट आहे का, हे पाहावे. नसल्यास मुलाकडून स्वतंत्र लेखी हमी घेण्याबाबत आपल्या वकिलांना विचारावे.